कोळसा आमचा, धूर तुमचा!

स्वच्छ ऊर्जेचा पुरस्कार करणारे देश कोळशाची निर्यात थांबवायला मात्र तयार नाहीत. ऑस्ट्रेलियात या विसंगतीवरून न्यायालयापासून निवडणुकीपर्यंत सर्वत्र वाद झडतो आहे. त्याची झळ मुंद्र्याच्या वीजदरापासून मुरगावच्या धक्क्यापर्यंत पोहोचते. या वादाचा निकाल नेमका कोठे लागणार, याचा वेध.

ऑस्ट्रेलियातील हंटर नदीच्या मुखावरून १७९९ साली कोळशाने भरलेले एक जहाज बंगालला रवाना झाले. ब्रिटिशांच्या त्या नव्या वसाहतीच्या निर्यात व्यापाराचा तो आरंभ मानला जातो. त्याला सव्वादोनशे वर्षे उलटली. आज त्याच मुखावरचे न्यूकॅसल हे कोळसा निर्यातीचे जगातील सर्वांत मोठे बंदर आहे, आणि आशियातील औष्णिक कोळशाचा भाव या बंदराच्या नावानेच बोलला जातो. याच बंदराच्या जलमार्गात नोव्हेंबर २०२३ मध्ये आंदोलकांनी लहान होड्या घातल्या आणि कोळशाच्या जहाजांची वाट अडविली. पोलिसांनी दिलेली तीस तासांची मुदत संपल्यावरही न हटलेल्या १०९ जणांना अटक झाली. २०२४ आणि २०२५ मध्येही तोच प्रसंग घडला आणि दोन्ही वेळा अटकेचा आकडा शंभरावर गेला.

रस्त्यावरचा हा वाद दरम्यान न्यायासनासमोरही पोहोचला होता. २३ जुलै २०२५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलाविषयी सल्लारूपी मत दिले. जीवाश्म इंधनांचे उत्पादन, त्यांच्या शोधाचे परवाने आणि त्यांना दिलेली अनुदाने यांबाबत एखाद्या देशाने योग्य पावले उचलली नाहीत, तर ते आंतरराष्ट्रीय कायद्याचे उल्लंघन ठरू शकते, असे त्यात म्हटले आहे. दुसऱ्याच दिवशी न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने हंटर खोऱ्यातील माउंट प्लेझंट खाणीच्या विस्तारासंबंधी निकाल दिला. परदेशात जाळल्या जाणाऱ्या कोळशाच्या धुरासह सर्व उत्सर्जनाचा स्थानिक परिसरावर काय परिणाम होईल, याचा विचार मंजुरी देणाऱ्या आयोगाने करायला हवा होता, असा निर्वाळा या न्यायालयाने दिला. 'कोळसा आमचा, पण धूर तुमचा' या सोयीस्कर विभागणीला दोन दिवसांत दोन धक्के बसले.

मात्र या निकालांमुळे एकही जहाज थांबलेले नाही. कोळसा निर्यातीचा वाद 'खणावे की खणू नये' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. प्रत्यक्षात त्याचा निकाल खाणीच्या तोंडाशी लागण्यापेक्षा खरेदीदाराच्या बंदरावर लागण्याची शक्यता अधिक दिसते. तसे असेल तर निर्यातदार देशापुढचा खरा प्रश्न वेगळाच आहे. मागणी ओसरण्यापूर्वी, हाती पैसा येत असताना, त्याने कोणती तयारी केली?

हिशेबाची वही

या वादाचे मूळ एका हिशेबाच्या नियमात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराखाली प्रत्येक देश आपल्या भूमीवर झालेल्या उत्सर्जनाचा हिशेब देतो. कोळसा जेथे जाळला जातो, त्या देशाच्या खात्यावर त्याचा कार्बन डायऑक्साइड मांडला जातो. तो जेथून खणला गेला, त्या देशाच्या वहीत केवळ खाणीतून सुटणारा मिथेन आणि यंत्रांसाठी वापरलेल्या डिझेलाचा धूर येतो. एकाच टनाची दोनदा मोजदाद होऊ नये, हा या नियमाचा हेतू आहे आणि तो रास्तही आहे.

तथापि, त्याचा परिणाम काय होतो ते ऑस्ट्रेलियाच्या आकड्यांवरून दिसते. हा देश वर्षाला सुमारे ३५ कोटी टन कोळसा निर्यात करतो. एक टन कोळसा जाळला की साधारण सव्वादोन ते अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे या निर्यातीतून वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास उत्सर्जन होते. ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे वार्षिक उत्सर्जन सुमारे ४४ कोटी टन आहे. देशाने आपल्या सीमेत पाळलेल्या संयमाच्या जवळपास दुपटीने धूर सीमेबाहेर जातो आणि त्याची नोंद दुसऱ्यांच्या वहीत होते.

त्यामुळेच कॅनबेरातील सरकारला दोन्ही डगरींवर पाय ठेवता येतो. मे २०२२ मध्ये सत्तेवर आलेल्या अँथनी अल्बनीज यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने २०३० पर्यंत ४३ टक्के उत्सर्जनकपातीचे उद्दिष्ट कायद्यात आणले. सप्टेंबर २०२५ मध्ये २०३५ साठी ६२ ते ७० टक्के कपातीचे नवे उद्दिष्ट जाहीर झाले. मार्च २०२३ मध्ये देशातील सुमारे २१५ बड्या औद्योगिक प्रकल्पांवर, त्यात कोळसा खाणीही आल्या, दरवर्षी उत्सर्जन घटविण्याचे बंधन घालण्यात आले. याच सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये माउंट प्लेझंटसह तीन खाणींच्या विस्ताराला मान्यता दिली. हिशेबाच्या नियमानुसार यात विसंगती नाही. वातावरणाला मात्र वह्यांच्या सीमा ठाऊक नाहीत.

'आम्ही नाही तर दुसरा कोणी'

निर्यातीच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद साधा आहे. आम्ही कोळसा दिला नाही तर खरेदीदार तो इंडोनेशियाकडून, दक्षिण आफ्रिकेकडून किंवा रशियाकडून घेईल. धूर तेवढाच होईल, नुकसान तेवढे आमच्या कामगारांचे होईल. हा युक्तिवाद मंत्र्यांच्या निर्णयांतही आढळतो आणि संघीय न्यायालयाने तो एकदा मान्यही केला आहे. माउंट प्लेझंट आणि नॅराब्राय या दोन खाणींच्या विस्तारासंबंधी पर्यावरणवाद्यांनी केलेले अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मे २०२४ मध्ये फेटाळले आणि मंत्र्यांचा निर्णय कायद्याच्या चौकटीत बसतो, असे म्हटले.

इतर न्यायासनांनी मात्र हा तर्क स्वीकारलेला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या भूमी व पर्यावरण न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश ब्रायन प्रेस्टन यांनी रॉकी हिल खाणीला परवानगी नाकारली. ही खाण झाली नाही तर दुसरी होईलच, असे गृहीत धरता येत नाही, हे त्यातील एक प्रमुख सूत्र होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये क्वीन्सलँडच्या भूमी न्यायालयाच्या अध्यक्ष फ्लर किंगहॅम यांनी गॅलिली खोऱ्यातील वॉराटा कंपनीच्या खाणीविरुद्ध शिफारस केली. ब्रिटनमध्ये व्हाइटहेवन येथील नियोजित खाणीची मंजुरी सप्टेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. त्या खाणीचा बहुतांश कोळसा निर्यात होणार होता. 'आमचा कोळसा दुसऱ्याच्या कोळशाची जागा तंतोतंत घेईल, म्हणून उत्सर्जन वाढणारच नाही' हा दावा तेथेही टिकला नाही.

अर्थशास्त्राच्या कसोटीवर दोन्ही बाजू पूर्ण खऱ्या उतरत नाहीत. पुरवठा घटला की भाव चढतो. चढ्या भावाने काही खरेदीदार दुसऱ्या देशाकडे वळतात, तर काही कोळशाचा वापरच कमी करतात. म्हणून एका देशाच्या माघारीचा परिणाम शून्य नसतो आणि पूर्णही नसतो. याचा प्रत्यय २०२० च्या अखेरीस आला. राजकीय तणावामुळे चीनने ऑस्ट्रेलियाच्या कोळशावर अघोषित बंदी घातली. चीनच्या किनाऱ्यासमोर कोळशाची जहाजे महिनोन्महिने नांगर टाकून उभी राहिली. मुंबईतील कंपनीच्या 'जग आनंद' या जहाजावरील २३ भारतीय खलाशी त्यात अडकले होते. जानेवारी २०२१ मध्ये त्यांची सुटका झाली. ऑस्ट्रेलियाचा कोळसा मात्र जगाच्या बाजारातून नाहीसा झाला नाही. तो भारत, जपान, कोरियाकडे वळला आणि चीनने इतरांकडून घेतला. २०२३ च्या आरंभी बंदी उठली आणि व्यापार पूर्ववत झाला. एका खरेदीदाराने एका विक्रेत्याला वगळल्याने केवळ जहाजांचे मार्ग बदलतात. मागणीच आटली, तर जहाजाला वळायला दुसरे बंदर उरत नाही.

'आमचा कोळसा इतरांपेक्षा स्वच्छ आहे' हा समर्थकांचा दुसरा दावाही तपासून घ्यावा लागतो. हंटर खोऱ्यातील कोळशात राख कमी आणि उष्णता अधिक असते, हे खरे. त्यामुळे वाहतूक आणि राखेची विल्हेवाट स्वस्त पडते. परंतु उष्णतेच्या समान एककामागे सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये निरनिराळ्या दगडी कोळशांत फारसा फरक नसतो. कोळसा कितीही उगाळला तरी काळाच, ही म्हण येथे रसायनशास्त्रालाही लागू पडते.

दोन कोळसे, दोन भवितव्ये

या चर्चेत एक फरक वारंवार विसरला जातो. बाजारात 'कोळसा' या एका नावाखाली दोन वेगळे पदार्थ विकले जातात. न्यूकॅसलहून जाणारा बहुतेक कोळसा औष्णिक, म्हणजे वीज केंद्रात जाळण्याचा असतो. क्वीन्सलँडमधील बोवेन खोऱ्यातून हे पॉइंट आणि ग्लॅडस्टन या बंदरांमार्गे जाणारा कोळसा प्रामुख्याने कोकिंग, म्हणजे झोतभट्टीत लोखंड वितळविण्यासाठी लागणारा असतो. झोतभट्टीच्या पद्धतीने एक टन पोलाद बनविण्यास साधारण पाऊण टन कोळसा लागतो.

औष्णिक कोळशाला पर्याय उपलब्ध आहेत आणि ते स्वस्त होत आहेत. कोकिंग कोळशाला हायड्रोजनचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या सिद्ध झाला असला, तरी मोठ्या प्रमाणावर तो अद्याप महाग आहे. भारतासारखा देश तर आजही नव्या झोतभट्ट्या उभारतो आहे आणि कोकिंग कोळशाच्या गरजेपैकी सुमारे ८५ टक्के आयात करतो. ऑस्ट्रेलिया हा त्याचा सर्वांत मोठा पुरवठादार आहे. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार कराराने या कोळशावरील अडीच टक्के आयातशुल्कही रद्द केले. 'सर्व कोळसा निर्यात तत्काळ बंद करा' ही मागणी या दोघांना एकाच तराजूत तोलते. दुसरीकडे, खाण कंपन्या पोलादाचा दाखला पुढे करून औष्णिक कोळशाच्या नव्या खाणींचे समर्थन करतात. दोघांनाही हा घोळ सोयीचा आहे.

२०२२ चा धडा

रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केले आणि ऊर्जेच्या बाजारात हाहाकार उडाला. २०२० मध्ये टनाला ५० डॉलरच्या आसपास असलेला न्यूकॅसलचा भाव सप्टेंबर २०२२ मध्ये ४०० अमेरिकी डॉलरच्या वर गेला. ज्या कोळशाला अखेरची घरघर लागल्याचे सांगितले जात होते, त्याने ऑस्ट्रेलियाला २०२२-२३ या आर्थिक वर्षात १२० अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक निर्यात उत्पन्न मिळवून दिले.

क्वीन्सलँडने या संधीचा लाभ उठविला. १ जुलै २०२२ पासून तेथील सरकारने रॉयल्टीचे तीन नवे टप्पे आणले. टनाला १७५ ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वरील रकमेवर २० टक्के, २२५ च्या वर ३० टक्के आणि ३०० च्या वर ४० टक्के. खाण कंपन्यांनी गुंतवणूक आटेल असा इशारा दिला, जाहिरातींची मोहीम उघडली. परंतु त्या एका वर्षात राज्याच्या तिजोरीत कोळशापोटी सुमारे १५ अब्ज डॉलर जमा झाले. न्यू साउथ वेल्सनेही १ जुलै २०२४ पासून रॉयल्टीच्या दरात २.६ टक्क्यांची वाढ केली. शाळा, रुग्णालये आणि रस्ते यांचा खर्च अशा रीतीने कोळशाच्या भावाला बांधला गेला. निर्यातीविरुद्ध बोलणाऱ्या राजकीय नेत्यांची अडचण येथेच आहे. कोळसा थांबवा म्हणणाऱ्याला रुग्णालयाचा पैसा कोठून आणणार, हेही सांगावे लागते.

या अडचणीचे प्रत्यंतर मे २०१९ च्या निवडणुकीत आले होते. गॅलिली खोऱ्यातील अदानी समूहाच्या कारमायकल खाणीविरुद्ध दक्षिणेकडील शहरांतून निघालेला आंदोलकांचा ताफा मध्य क्वीन्सलँडच्या खाणगावांत पोहोचला, तेव्हा त्याचे स्वागत घोषणा आणि निदर्शनांनी झाले. खाणीबाबत संदिग्ध भूमिका घेणाऱ्या मजूर पक्षाला त्या पट्ट्यात मोठा फटका बसला. निवडणूक जिंकणारे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी अर्थमंत्री असताना, फेब्रुवारी २०१७ मध्ये, कोळशाचा खडा हातात घेऊन संसदेत भाषण केले होते. पुढे कारमायकल खाण झाली. पण वर्षाला सहा कोटी टनांचा मूळ बेत २०१८ मध्ये एक कोटी टनांवर आला होता. बड्या बँका आणि विमा कंपन्यांनी पाठ फिरविल्याने समूहाला स्वतःच्या पैशातून ती उभारावी लागली. तिचा पहिला कोळसा डिसेंबर २०२१ च्या अखेरीस निर्यातीसाठी सज्ज झाला. आंदोलनाने खाण थांबली नाही, पण भांडवल महाग झाले आणि खाण लहान झाली.

मुंद्र्यापासून मुरगावपर्यंत

निर्यातदार देशाचा एखादा निर्णय खरेदीदाराच्या घरात काय उलथापालथ करतो, हे भारताने जवळून पाहिले आहे. गुजरातच्या मुंद्रा येथील चार हजार मेगावॉटचा महाप्रकल्प टाटा पॉवरने २००६ मध्ये प्रतियुनिट २ रुपये २६ पैसे या सरासरी दराने मिळविला. त्याची वीज महाराष्ट्रासह पाच राज्यांना मिळणार होती. इंधनाची हमी म्हणून कंपनीने २००७ मध्ये इंडोनेशियातील दोन कोळसा कंपन्यांत ३० टक्के हिस्सा विकत घेतला. सप्टेंबर २०१० मध्ये इंडोनेशियाने नियम बदलला. कोळसा कोणत्याही जुन्या कराराने विकला जात असला, तरी त्याचा भाव आंतरराष्ट्रीय निर्देशांकापेक्षा कमी नसावा, असे बंधन आले. स्वस्त कोळशाचे गणित कोलमडले.

वाढीव दर मागणाऱ्या कंपन्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०१७ रोजी फेटाळला. परक्या देशातील कायद्याचा बदल हा वीज करारातील 'कायद्यातील बदल' ठरत नाही, असा तो निकाल होता. ग्राहकाला दिलासा मिळाला, परंतु तोट्यातील प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालेनात. अखेर मे २०२२ च्या वीजटंचाईत केंद्र सरकारला विद्युत कायद्याचे कलम ११ वापरून आयात कोळशावरील केंद्रे चालविण्याचा आदेश द्यावा लागला. वाढीव खर्च शेवटी वीजबिलातूनच वसूल झाला.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी इंडोनेशियाने कोळसा निर्यात पूर्णतः बंद केली होती. कारण हवामान बदलाचे नव्हते. उत्पादनापैकी २५ टक्के कोळसा देशांतर्गत वीज कंपनीला टनाला कमाल ७० डॉलर दराने देण्याचे बंधन खाणमालक पाळत नव्हते, आणि देशातील सुमारे २० वीज केंद्रे कोळशावाचून अडण्याची वेळ आली होती. जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपाइन्स यांनी तातडीने विनंत्या केल्या. जानेवारी संपण्यापूर्वी बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. औष्णिक कोळशाचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार एका रात्रीत दार लावून घेऊ शकतो, ही गोष्ट मात्र आशियातील प्रत्येक ऊर्जा मंत्रालयाच्या ध्यानी राहिली.

कोळशाचा आणखी एक खर्च कोणत्याही निर्देशांकात येत नाही. कर्नाटकातील पोलाद कारखान्यांसाठी आयात होणारा कोकिंग कोळसा गोव्याच्या मुरगाव बंदरात उतरतो आणि रेल्वेने घाट चढून जातो. वास्को परिसरातील रहिवासी घरांत बसणाऱ्या काळ्या धुळीविरुद्ध कित्येक वर्षे आवाज उठवीत आहेत. 'गोंयांत कोळसो नाका' ही घोषणा त्यातूनच आली. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. क्वीन्सलँडमधील खाणीच्या परवान्यावर चर्चा होते, तेव्हा वास्कोतील खिडकीच्या चौकटीवरची धूळ कोणाच्याही वहीत नसते.

कळ खरेदीदाराच्या हाती

विक्रेत्यांची बाजू पाहिल्यावर आता खरेदीदारांकडे वळू. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेच्या अखेरच्या तासांत भारताच्या आग्रहाने मसुद्यातील शब्द बदलला. कोळशाचा वापर 'संपुष्टात आणण्या'ऐवजी 'टप्प्याटप्प्याने कमी करणे' असे ठरले. त्यावरून भारतावर टीका झाली. दरडोई उत्सर्जनात भारताच्या सुमारे सातपट असलेल्या देशाने भारताला कोळसा विकत राहावे आणि भारताने मात्र तो जाळू नये, अशी अपेक्षा न्याय्य नव्हती, हे भारताचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

परंतु शब्दांपेक्षा आकडे अधिक बोलके आहेत. भारताचे कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये प्रथमच १०० कोटी टनांपलीकडे गेले, आणि आयात आदल्या वर्षीच्या सुमारे २६ कोटी टनांवरून २४ कोटी टनांवर उतरली. जून २०२५ पर्यंत देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. प्रत्यक्ष वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा आजही सर्वांत मोठा असला, तरी भारताचे धोरण स्पष्ट आहे. आधी परदेशी औष्णिक कोळसा कमी करायचा, देशी नंतर. ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. भारताने कोळसा सोडण्याच्या कितीतरी आधी भारत त्यांचा कोळसा सोडू शकतो.

चीनमध्येही हेच सूत्र आहे. २०२५ मध्ये चीन आणि भारत या दोन्ही देशांतील कोळशावरची वीजनिर्मिती एकाच वर्षात घटली. असे अर्ध्या शतकात प्रथमच घडल्याचे विश्लेषकांनी नोंदविले आहे. भारतातील घटीत त्या वर्षीच्या सौम्य उन्हाळ्याचाही हात होता, त्यामुळे एका वर्षावरून अनुमान काढणे घाईचे ठरेल. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार जगाची एकूण कोळसा मागणी आजही ८८० कोटी टनांच्या आसपास, म्हणजे विक्रमी पातळीवरच आहे. कोळशाचा अंत जवळ आल्याची ग्वाही यापूर्वी अनेकदा दिली गेली आणि प्रत्येक वेळी ती खोटी ठरली.

तरीही दिशा बदलली आहे. जपानने २०२१ च्या ऊर्जा आराखड्यात २०३० पर्यंत विजेतील कोळशाचा वाटा सुमारे १९ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम परिषदेत दक्षिण कोरिया कोळसामुक्तीचा पुरस्कार करणाऱ्या देशांच्या गटात सामील झाला. आपल्या ६१ कोळसा केंद्रांपैकी ४० केंद्रे २०४० पर्यंत बंद करण्याची त्याची योजना आहे. या निर्णयासाठी सोलने न्यूकॅसलची परवानगी मागितली नाही. हंटरच्या खाणीचे आयुष्य किती, हे आता कॅनबेराइतकेच सोल आणि टोकियो ठरवीत आहेत.

मस्वेलब्रूकचे काय?

हंटर खोऱ्याच्या वरच्या अंगाला मस्वेलब्रूक हे खाणींनी वेढलेले गाव आहे. जवळचे लिडेल औष्णिक केंद्र एप्रिल २०२३ मध्ये बंद झाले. शेजारची माउंट आर्थर ही बीएचपी कंपनीची खाण दोन वर्षे विक्रीस काढूनही योग्य ग्राहक मिळाला नाही. जून २०२२ मध्ये कंपनीने ती २०३० मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. तेथे सुमारे दोन हजार लोक काम करतात. कोळशाचा भाव इतिहासातील उच्चांकाकडे निघाला असतानाच हा निर्णय झाला, हे विशेष.

आठ वर्षांची पूर्वसूचना मिळाली, हे त्यातल्या त्यात बरे. गिरण्यांच्या संपानंतर मध्य मुंबईतील कामगारांना अशी सूचना कोणी दिली नव्हती. चिमण्यांचा धूर थांबला, जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि ज्यांच्या श्रमावर त्या उभ्या होत्या ते शहराबाहेर फेकले गेले. उद्योग संपतो तेव्हा मालमत्तेची किंमत लावायला सगळे येतात. माणसांची तरतूद आधी केलेली नसेल तर नंतर होत नाही.

ऑस्ट्रेलियात तरतुदीला आरंभ झाला आहे, पण तिचे आकारमान पाहावे लागते. न्यू साउथ वेल्सने खाणपट्ट्यांच्या पुनरुत्थानासाठी २०२१ मध्ये वर्षाला अडीच कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. २०२२-२३ मध्ये त्या राज्याला कोळशाच्या रॉयल्टीतून चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. म्हणजे कोळशाच्या प्रत्येक शंभर रुपयांतला एक रुपयाही कोळशानंतरच्या जीवनासाठी राखला गेला नाही. केंद्रात २०२४ मध्ये कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, राज्यानेही तशीच पावले टाकली. बंद खाणींच्या खड्ड्यांत, आपल्याकडील घाटघरप्रमाणे, उदंचन जलविद्युत प्रकल्प उभारण्याच्या योजना पुढे आल्या आहेत. त्यांतून बांधकामाच्या काळात रोजगार मिळेल. कायमच्या नोकऱ्या मात्र खाणीच्या तुलनेत अगदी थोड्या असतील.

कोळसा उद्योगात ऑस्ट्रेलियात सुमारे ५० हजार लोक थेट काम करतात. पावणेतीन कोटींच्या देशात ही संख्या मोठी नाही, त्यामुळे त्यांचे पुनर्वसन अशक्य नाही. पण ही माणसे मोजक्याच गावांत एकवटलेली आहेत, त्यामुळे ते आपोआप होणारेही नाही. 'निर्यात चालूच राहील' असे सांगणारा पुढारी या गावांची फसवणूक करतो, कारण ती चालू ठेवणे त्याच्या हाती नाही. आणि 'उद्याच बंद करा' म्हणणारा आंदोलक त्यांना पर्याय देत नाही. मधला मार्ग उरतो तो कंटाळवाणा आहे. औष्णिक कोळशाच्या नव्या खाणींना परवाने न देणे, चालू खाणींच्या समाप्तीची तारीख जाहीर करणे, आणि तेजीच्या वर्षांतील रॉयल्टीचा ठरावीक हिस्सा कायद्याने बाजूला काढणे. मतपेटीला या तिन्ही गोष्टी फारशा आकर्षक वाटत नाहीत.

खरेदीदारांनाही हात झटकता येणार नाहीत. मुंद्र्याच्या अनुभवानंतर, परदेशी कोळशावरील प्रत्येक नवे केंद्र म्हणजे पंचवीस वर्षांची बांधिलकी आणि ती दुसऱ्याच्या कायद्याच्या भरवशावर, हे उघड आहे. आयात कधी आणि किती घटविणार, याचे वेळापत्रक भारत, जपान, कोरियाने आपल्या पुरवठादारांना स्पष्ट सांगितले, तर खाणपट्ट्यांना सावरायला अवधी मिळेल आणि इंडोनेशियासारखी एका रात्रीची बंदीही कोणाला वेठीस धरू शकणार नाही. आज असा संवाद व्यापार करारांत होत नाही. तेथे चर्चा आयातशुल्काच्या अडीच टक्क्यांची होते.

धूर कोणाच्या वहीत लिहायचा, यावर हेगपासून सिडनीपर्यंत खल चालू राहील आणि तो चालू राहणे आवश्यकही आहे. पण मस्वेलब्रूकच्या कामगाराच्या दृष्टीने अधिक निकडीची वही वेगळी आहे. तेजीतला पैसा कोठे गेला, याचा हिशेब तीत आहे. जहाजे येणे थांबेल त्या दिवशी ती वही उघडली जाईल, आणि तेव्हा जमेच्या बाजूला काही नोंदवायला वेळ उरलेला नसेल.